फोटोखाली कॅमेऱ्याचं नाव नको, वेळ छापा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मागच्या पंधरवड्यात रविवारच्या पुरवणीत आपण भिगवणच्या पाणपक्ष्यांवर अख्खं रंगीत पान दिलंत. पान छान होतं. मी ते कापून दुकानाच्या काचेला आतून चिकटवलंय. तरीही हे पत्र तक्रारीचं आहे आणि जरा लांबणार आहे. जागेअभावी कात्री लावायची झाली तर माझ्या वडिलांचा भाग कापा, दुपारच्या उन्हाचा तेवढा ठेवा.

तक्रार अशी. पानावर सहा फोटो होते. प्रत्येकाखाली काढणाऱ्याचं नाव, मग कॅमेऱ्याचं मॉडेल, लेन्स, अॅपर्चर, शटर, आयएसओ असा सगळा पाढा. पण फोटो कोणत्या महिन्यातला, किती वाजताचा, ऊन पक्ष्याच्या कुठल्या अंगाला होतं, याबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे कढई कोणत्या कंपनीची ते छापलं आणि आच किती ठेवायची ते राहिलं.

त्याचा परिणाम सोमवारीच दिसला. आमच्या गल्लीतला एक पोरगा दुकानात आला. कॉलेजात आहे, हुशार आहे. म्हणाला, "काका, ही दीडशे-सहाशेची लेन्स हप्त्यावर मिळते का? ती घेतली की असा फोटो येतो ना?" मी त्याला म्हटलं, बाबा, आधी एक दिवस नुसता मोबाइल घेऊन सकाळी सहाला पाण्यावर जा. त्याला वाटलं, काकांना लेन्स विकायची नाही, म्हणून टाळतायत. खरं तर मी लेन्स विकतच नाही. पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, लग्नाचे अल्बम आणि मेमरी कार्ड, एवढाच आमचा धंदा.

दौंडच्या बाजारपेठेत आमचा फोटो स्टुडिओ आहे. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, तो १९७१ साली काढला. तेव्हा दिव्यांचा भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी जागा घेताना भाडं नंतर विचारलं, उत्तर दिशा कुठली ते आधी. उत्तरेच्या भिंतीला सहा फूट रुंदीची खिडकी पाडून घेतली. उत्तरेकडून थेट ऊन आत येत नाही (उन्हाळ्यातली सकाळ-संध्याकाळ सोडली तर), त्यामुळे दिवसभर एकसारखा उजेड मिळतो. तोही कडक वाटला तर त्या खिडकीवर स्वतःचं जुनं मलमलचं धोतर दुहेरी करून टांगायचे. दुसऱ्या बाजूला पांढरा रंग दिलेली प्लायवूडची फळी. थर्माकोल बऱ्याच नंतर आलं. नवरा मुलगा असो, नाहीतर नोकरीच्या अर्जाला फोटो हवा असलेला उमेदवार असो, सगळ्यांना त्याच खिडकीपाशी त्याच स्टुलावर बसवायचे.

गिऱ्हाईक बसवण्याआधी अण्णा एक गोष्ट न चुकता करत. त्या स्टुलाच्या जागी स्वतःची मूठ धरायचे आणि ती सावकाश फिरवत बोटांच्या पेरांची सावली बघायचे. पेरांखाली काळी कुळकुळीत रेघ आली तर धोतर आणखी दुमडायचं. सावली अजिबात दिसेना झाली तर धोतर काढायचं. लहानपणी मला वाटायचं, हे काहीतरी देवाचं करतात. पंधरा-सोळाचा झालो तेव्हा कळलं की मुठीवर जे होतं तेच नाकाखाली आणि डोळ्यांच्या खोबणीत होतं. आजही माळावर गेलो की माझा हात आपोआप वर जातो. बरोबरचे हसतात.

त्या काळी रोल उटीच्या कारखान्यातला 'इंदू' असायचा, नाहीतर पूर्व जर्मनीचा ऑर्वो. रोलबरोबर एक कागद यायचा, त्यावर चित्रं असत. लख्ख सूर्य, पातळ ढगाआडचा सूर्य, नुसता ढग, आणि प्रत्येकाशेजारी आकडा. उजेड मोजायचं मीटर परवडायचं नाही, ती चित्रं हेच आमचं मीटर. लख्ख उन्हात अॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) सोळा आणि शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा) रोलच्या वेगाच्या आकड्याएवढं, म्हणजे शंभरच्या रोलला साधारण सेकंदाचा सव्वाशेवा भाग. हा हिशोब आजच्या लाखभराच्या कॅमेऱ्यातही जसाच्या तसा चालतो. कारण कॅमेरे बदलले, सूर्य तोच आहे.

आता दुपारच्या उन्हाचं.

आपलं पान आलं त्याच्या पुढच्या शनिवारी मी भिगवणजवळच्या कुंभारगावला होतो. सकाळी होडीतून फिरून साडेनऊला काठावर आलो आणि चहा घेत बसलो. अकराच्या सुमाराला पुण्याहून एक कुटुंब आलं. आई, वडील आणि नऊ-दहा वर्षांची मुलगी. मुलीच्या हातात आपलं पान, चार घड्या घातलेलं. ती माझ्याजवळ आली आणि पाण्याकडे बोट करून विचारलं, "आजोबा, हे गुलाबीवाले कुठे आहेत?"

मी म्हटलं, "ते काय, समोर."

"ते तर पांढरे आहेत."

आणि खरंच पांढरे होते. उजनी धरणाच्या फुगवट्यात गाळावर शे-दीडशे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उभे, माना खाली घालून. लांबून कोणी मिठाचे खडे पसरल्यासारखे. तिच्या वडिलांनी नव्या कॅमेऱ्यावर काढलेले फोटो दाखवले. पाणी पत्र्यासारखं चकचकीत, पक्ष्याची पाठ म्हणजे पिसाचा एकही कंगोरा नसलेला चुन्याचा गोळा, पोट काळपट आणि डोळ्याच्या जागी सावलीचा खड्डा. फोकस मात्र उत्तम होता! कॅमेऱ्याने त्याचं काम चोख केलं होतं. सूर्य कुठं होता, एवढंच चुकलं होतं.

मी त्या मुलीला सांगितलं ते असं. रोहित पक्ष्याचा गुलाबी रंग त्याच्या खाण्यातून येतो. चिखलपाण्यातल्या बारीक जीवांमधून आणि शेवाळातून मिळणारं रंगद्रव्य पिसांत उतरतं. अंगावर तो रंग फिकाच असतो. खरा लालभडक भाग पंखांवर असतो आणि पंख मिटले की तो बराचसा झाकतो. म्हणून त्याला अग्निपंख म्हणतात, पण ती आग दिसते उडताना. उभ्या पक्ष्याचा फिका गुलाबी रंग डोक्यावरच्या उन्हात धुऊन निघतो. फिकट साडीवर थेट बल्ब मारला की ती पांढरी दिसते, तसं. त्याच पक्ष्यावर सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन आलं की ते ऊन हवेच्या जाड थरातून आलेलं असतं, वाटेत त्यातला निळा भाग विखरून गेलेला असतो आणि उरलेला तांबूस उजेड पिसांवर पडतो. फिक्या गुलाबीला तेवढाच आधार पुरतो.

ती माणसं माशांचं जेवण करून परत निघणार होती. मुलगी हटून बसली. शेवटी थांबली बिचारी. साडेपाचच्या सुमाराला आम्ही पुन्हा काठावर उभे होतो. पक्षी तेच, जागा जवळजवळ तीच. उन्हं कलली तसा आधी त्यांच्या पायांचा रंग वर आला, मग माना, मग पाठीवरच्या पिसांच्या कडा एकेक करून सुट्या दिसायला लागल्या. थवा उडाला वगैरे काही नाही. मुलीने आईच्या मोबाइलवर एक फोटो काढला, त्यात पक्षी तांदळाएवढे आले असतील. पण गुलाबी आले. तिला मी मूठ धरून पेरांची सावली बघायला शिकवलं. सकाळी अकराला तशीच धरली असतीस तर काय दिसलं असतं, असं विचारल्यावर तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "काहीच नाही, सगळी सावली हाताच्या खाली गेली असती."

आता सांगा, फोटोखाली 'जानेवारी, सकाळी ७.३०' एवढं छापलं असतं तर त्या बापाने गाडी पुण्याहून किती वाजता काढली असती?

दरवर्षी मे महिन्यात आपण शून्य सावलीच्या दिवसाची बातमी देता. पुण्याला तो १३ मेच्या आसपास येतो. सूर्य बरोबर डोक्यावर, उभ्या काठीची सावली काठीच्याच पायाशी. लोक बाटल्या उभ्या करून फोटो काढतात आणि विसरून जातात. माझ्या मते वन्यजीवांचे फोटो काढणाऱ्याने त्या बातमीचं कात्रण वर्षभर खिशात ठेवावं. मी एका वर्षी स्टुडिओच्या गच्चीवर तीन फुटी काठी रोवून सावल्या मोजल्या होत्या. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वानऊला सावली काठीच्या दुप्पट भरली. मेच्या मध्याला त्याच सव्वानऊला ती काठीएवढीच होती. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो आणि मेमध्ये सहाच्या आत-बाहेर. म्हणजे हिवाळ्यात जो माणूस आठ वाजता चहा पिऊन निघतो त्याला निदान तासभर तरी उजेड मिळतो. मेमध्ये तो निघेपर्यंत सगळं संपलेलं असतं. माझा साधा ठोकताळा आहे. आपली सावली आपल्या दुपटीहून लांब आहे तोवर कॅमेरा बाहेर. दुप्पट झाली की हात आखडता. आपल्याएवढी झाली की दुर्बीण काढायची आणि नुसतं बघायचं. घड्याळ लागत नाही, अॅपही लागत नाही. माळावरच्या एका धनगर बाबांनी मला हे ऐकून सांगितलं की ते सावली पावलांनी मोजतात, त्यात नवल ते काय.

पोरं मोबाइलवर परदेशी लोकांचे व्हिडिओ बघून येतात आणि म्हणतात, काका, तो तर दिवसभर काढतो. काढणारच. लंडनमध्ये डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर असतो, माणसाची सावली बारा वाजताही साडेतीन पटींहून लांब पडते. आपल्याकडे त्याच दिवशी दुपारी सूर्य ४८ अंशांवर. त्यांचा सूर्य आडवा घसरत जातो, आपला जिन्याने चढतो. तो दिवसभर कोवळ्या उन्हात बसलाय, आपल्याला ते तास-दीड तास मिळतं. त्यांची घटका आपल्या घड्याळाला लावून कसं चालेल?

एक कबुलीही द्यायची आहे. २००९ सालची गोष्ट. मी नवीन लेन्स घेतली होती, तीही उधारीवर, आणि ती वसूल करण्याची घाई अंगात होती. त्या दिवशी बस चुकली आणि पाण्यावर पोचायला साडेआठ वाजले. पट्टकदंब हंसांचा एक थवा गाळाच्या जिभेवर बसलेला, पण ऊन त्यांच्या पलीकडून. मला ऊन माझ्या पाठीवर हवं होतं. नावाड्याला म्हटलं, मामा, वळसा घालून पलीकडं घ्या. ते म्हणाले, उठतील. मी म्हटलं, हळू घ्या, नाही उठणार. तीनदा सांगितल्यावर त्यांनी बांबू टाकला. अर्धा वळसा झाला असेल नसेल, सगळा थवा एकदम उठला आणि पार लांब दिसेनासा झाला. हिमालय ओलांडून आलेला पाहुणा, सकाळच्या चाऱ्यावर बसलेला, माझ्या उजेडाच्या हट्टापायी उठला. मामा काही बोलले नाहीत. काठावर आल्यावर होडी बांधता बांधता एवढंच म्हणाले, "तुम्ही पाचाला उठला असता, तर त्यांना उठवायची पाळी आली नसती."

त्यानंतर मी त्यांच्याच होडीतून जातो. ते बसायच्या जागेआधी वारा बघतात, मग पाणी. मी पक्षी शोधत असतो तेव्हा ते पाण्यावरचा उजेड कुठून कुठं सरकतोय ते बघत असतात. जाळी टाकणाऱ्याला ते बघावंच लागतं म्हणे. अंधारात निघायचं, पक्षी जिथं उजाडायच्या आधी चरायला येतात त्या जागेच्या पूर्वेला होडी लावायची, बांबू रोवायचा आणि गप्प बसायचं. मग सूर्य आपल्या पाठीमागून वर येतो आणि पक्षी आपापल्या सोयीने जवळ येतात. थंडी वाजते, पाय आखडतात. पण सूर्याला वळसा घालता येत नाही आणि पक्ष्याला घालायचा नसतो, म्हटल्यावर दुसरा रस्ता कुठला?

याउलट, ऊन समोर असलं म्हणजे फोटो वायाच, असंही नाही. आमच्या धंद्यात गोरज मुहूर्ताची लग्नं पुष्कळ केली. नावच बघा ना, गाई परत येतानाची धूळ. ती धूळ दिसते कधी? सूर्य तिच्या मागे असतो तेव्हा. पाठीवर ऊन घेऊन बघाल तर नुसता मळका धुरळा. समोरून बघाल तर सोन्याचा. कडबनवाडीच्या माळावर, सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा पळतो तेव्हा मी मुद्दाम सूर्याकडे तोंड करून बसतो. अंग काळं येतं, पण शिंगापासून शेपटीपर्यंत उजेडाची एक कड निघते, कानाच्या पातळ कातड्यातून ऊन आरपार येऊन कान निखाऱ्यासारखे दिसतात. असा एक फोटो मी एका दैनिकाला पाठवला होता. छापून आला तेव्हा कोणीतरी तो 'उजळ' करून घेतला होता. कड गेली, धूळ गेली, आणि राखाडी रंगाचं एक हरीण माळावर उभं. माझी बायको म्हणाली, हा आपल्याकडचा फोटो नव्हे.

चिंकाऱ्यावरून आठवलं. त्याची पाठ गडद आणि पोट पांढरं का, याचं उत्तर मला एका चित्रकाराकडून मिळालं. अमेरिकेत अॅबट थेयर नावाचे चित्रकार होते, त्यांनी १८९६ साली हे मांडलं. वरून ऊन पडलं की कुठल्याही गोल वस्तूची वरची बाजू उजळते आणि खालची काळवंडते, त्यावरूनच ती आपल्याला गोल दिसते. प्राण्याची पाठ गडद आणि पोट पांढरं असेल तर उन्हाचा हिशोब बरोबर उलटा होतो. उजेड-सावली एकमेकांना खाऊन टाकतात आणि प्राणी सपाट होऊन मातीत मिसळतो. बारा वाजता माळावर तीस पावलांवर उभा असलेला चिंकारा मला दिसला नव्हता, त्याचं कारण हेच असावं. आणि सकाळी साडेसातला बाजूने ऊन आलं की ती सगळी युक्ती फसते. उजेड एका कुशीवर, सावली दुसऱ्या कुशीवर, बरगड्यांखाली सावली, मानेच्या शिरा दिसतात. लपायला बनवलेलं अंग तेवढा तासभर उघडं पडतं. जनावर ज्या उन्हात लपतं त्याच उन्हात त्याचा फोटो काढायला आपण दुपारी जातो, आणि मग म्हणतो, फोटो सपाट आला.

माळावर दुसराही एक शत्रू आहे, झळा. साडेनऊ-दहानंतर जमीन तापते, हवा नाचायला लागते आणि लांबचं सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलतं. डोळ्याला ते फारसं जाणवत नाही. मोठ्या लेन्सला मात्र लगेच जाणवतं, आणि जितकी लेन्स मोठी तितकी ती नाचरी हवा मोठी करून दाखवते. धाविक पक्ष्याचे मी काढलेले चाळीस फोटो एकदा असे गेले. दुकानात येणारे म्हणतात, लेन्स सॉफ्ट आहे (फोटो पुसट देते), बदलायला हवी. लेन्सचा काय दोष?

पांढऱ्या पक्ष्याबद्दल थोडं सांगतो, कारण आपल्या पानावरचा बगळ्याचा फोटो जळालेला होता (जळालेला म्हणजे पांढऱ्यात पीस उरलेलं नाही, असं आम्ही म्हणतो). कॅमेऱ्यातलं मीटर सगळं जग राखाडी आहे असं धरून चालतं. काळ्याशार पाण्यासमोर एक पांढरा बगळा असेल तर मीटर पाणी बघतं, त्याला ते फार काळं वाटतं, म्हणून ते सगळंच उजळवतं आणि बगळा हकनाक जळतो. तिथे आपण एक्सपोजर (फोटोचा उजेड) मायनस एक करायचं. उलट, उजळ आभाळासमोर काळा कोतवाल पक्षी बसला असेल तर प्लस. मोबाइलवरही होतं हे, पक्ष्यावर बोट दाबून बोट खाली ओढायचं. सावलीत गेलेलं नंतर थोडंफार परत काढता येतं, जळालेलं पांढरं काही केल्या येत नाही. भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाक करकोच्यांची वीण बघायला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धे फोटो वाचतील.

मळभ आलं की लोक कॅमेरा पिशवीत घालतात. माझं उलट आहे. मळभ म्हणजे आभाळाने अण्णांचं धोतर टांगलं. जानेवारीत कधी कधी पाण्यावर धुकं असतं, सूर्य नुसता फिका ठिपका, सावली नावाला नाही. अशा दिवशी चित्रबलाकाच्या चोचीचा पिवळा रंग आणि शेपटीकडचा गुलाबी जसा येतो तसा लख्ख उन्हात कधीच येत नाही. फक्त फोटोत आभाळ घ्यायचं नाही, ते मेलेलं दिसतं.

जंगलाचा माझा अनुभव थोडाच आहे. ताडोबाला एकदा गेलो, मे महिन्यात. बांबूच्या बेटात वाघीण बसली होती, अंगावर कवडसे. पट्टे कुठले आणि सावल्या कुठल्या ते माणसाच्या डोळ्यालाही कळेना, कॅमेऱ्याला काय कळणार? जिथं कवडसा पडला होता तिथं पांढरे डाग, बाकी काळोख. आठ गाड्यांमधून शटरचा कडकडाट चालला होता. मी चार फोटो काढून थांबलो आणि तिच्या कानाजवळचा एक कवडसा कसा सरकतो ते बघत बसलो. वीसेक मिनिटांत तो डोळ्यावर आला, तिने मान वळवली, संपलं. तो फोटो माझ्याकडे नाही. गाडी नेमकी तेव्हाच हलली होती.

वेळ छापा म्हणण्यामागे आणखी एक कारण आहे. दर पावसाळ्याच्या तोंडाला भंडारदरा परिसरातल्या काजव्यांचे फोटो आपल्याकडे आणि सगळीकडेच येतात. अख्खं झाड दिव्यांनी मढलेलं, खाली गवतातही हजारो ठिपके. बहुतेकदा तो एक फोटो नसतोच. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून तासभर एकामागून एक फोटो काढलेले असतात आणि मग संगणकावर सगळे एकावर एक चढवलेले असतात. कला म्हणून मला त्यात वावगं वाटत नाही, मी स्वतः करून पाहिलंय. पण वाचकाला ते सांगितलं जात नाही. तो गाडीभर माणसं घेऊन जातो, झाडाखाली उभा राहतो, दिवे मिणमिणताना दिसतात, त्याला वाटतं काजवे कमी झाले, की आपण चुकीच्या जागी आलो. मग गाडीचे हेडलाइट लावून शोधायचं, मोबाइलची बॅटरी मारायची, फ्लॅश मारायचा. काजव्यांची सगळी बोलीच उजेडाची, आपल्या एका झोताने ती मोडते. फोटोखाली 'साठ मिनिटांचे एकत्रित चित्रण' असे चार शब्द छापले तर बरेच हेडलाइट बंद राहतील, असं मला वाटतं. घुबड-पिंगळ्यांच्या डोळ्यांत फ्लॅश मारून काढलेल्या फोटोंबद्दल वेगळं पत्र लिहीन, आता नको.

तेव्हा विनंती एवढीच आहे. वन्यजीवांचा फोटो छापताना काढणाऱ्याचं नाव, जागा ढोबळ (घरट्याची किंवा बिळाची नेमकी जागा अजिबात नको), महिना, वेळ, आणि ऊन कुठून होतं ते तीन-चार शब्दांत. शब्द आपल्याकडे आहेत, शोधावे लागणार नाहीत. तांबडं फुटताना. कोवळ्या उन्हात. तिरीप. मळभ. उन्हं कलताना. दिवेलागणीला. अॅपर्चर-शटर छापायची जागा त्यासाठी पुरेल, मी आपलं पान पट्टीने मोजून बघितलंय. कॅमेऱ्याचं नाव हवंच असेल तर जाहिरातीत येतंच.

तो गल्लीतला पोरगा परवा पुन्हा आला होता. खरंच मोबाइल घेऊन पहाटे गेला होता म्हणाला. पक्षी फार लांब होते, काही आलं नाही, पण "काका, सात ते साडेसात एवढ्यात पाण्याचा रंग पाच वेळा बदलला" असं सांगताना हातवारे करत होता. लेन्स अजून हवीच आहे त्याला. मी हप्त्याची चौकशी करतो म्हटलंय.

सोबत रोहित पक्ष्यांचा माझा एक फोटो पाठवतो आहे, कागदावर छापलेला. अण्णा प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवत, तशी मलाही सवय आहे. मागे लिहिलंय ते असं: ११ जानेवारी, सकाळी ७.४०, ऊन डावीकडून, पाण्यावर विरळ धुकं, दोन पक्षी सावलीत. छापलात तर मागचा मजकूर खाली घ्यावा. आणि कृपया उजळ करू नये. ते दोन पक्षी काळपट आहेत, कारण तेव्हा तिथे तसंच होतं.

कळावे,

आपला जुना वाचक,
एक फोटो स्टुडिओवाला, दौंड